निष्ठेचा हिशेब

व्यावसायिक खेळाडूने जादा रकमेच्या करारासाठी संघ बदलावा, की ज्या संघामुळे त्याचे नाव झाले त्याच्याकडेच कमी पैशांत राहावे, हा वाद दर हंगामात नव्याने पेटतो आणि बहुतेक वेळा खेळाडूच्या चारित्र्यावर निकाल देऊन थांबतो. पैशाला भुललेला आणि संघाला जागलेला, एवढ्या दोनच जाती या वादात शिल्लक राहतात. वास्तविक खेळाडू ज्यांच्या वतीने मैदानात उतरतो त्या संस्था एकाच प्रकारच्या नसतात. गावातले क्रीडा मंडळ किंवा तालीम, जी मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षी हाताशी धरते. राज्याची क्रीडा संघटना किंवा रेल्वे-लष्करासारखे खाते, जे त्याला राष्ट्रीय स्पर्धेत उतरवते. आणि फ्रँचायझी, म्हणजे लीगच्या चालकांना पैसे मोजून संघ चालवण्याचा हक्क मिळवलेली कंपनी, जी त्याला लिलावात घेते. या तिघांचे खेळाडूवरचे ऋण सारखे नाही, आणि म्हणून त्यांना देय असलेली निष्ठाही सारखी असू शकत नाही. हा भेद न करता होणारी चर्चा फ्रँचायझीच्या वतीने खेळाडूकडे अशी वसुली मागते, जिचा तिला फारसा हक्क नाही, आणि ज्याचे खरोखर येणे आहे त्या मंडळाचे नावही घेत नाही.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातून पाहिले, तर हा भेद अधिक ठळक होतो. महाराष्ट्रात रणजी करंडक खेळणारे संघ तीन आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ; बीड जिल्हा त्यांपैकी पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. प्रो कबड्डी लीगमध्ये राज्याचे दोन संघ आहेत, यू मुंबा आणि पुणेरी पलटण; इंडियन प्रीमियर लीग अर्थात आयपीएलमध्ये एकच, मुंबई इंडियन्स. बीडच्या मुलाच्या दृष्टीने यांतला प्रत्येक संघ परगावचाच आहे. उमापूरच्या एखाद्या चढाईपटूला उद्या पुण्याने घेतले काय किंवा हैदराबादने घेतले काय, तो घर सोडूनच जाणार. तेव्हा घरचा संघ सोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्यापूर्वी त्याच्या घरचा संघ कोणता, हे सांगता यायला हवे. शिवाय फ्रँचायझीचे शहराशी असलेले नातेही वाटते तितके घट्ट नसते. प्रो कबड्डीच्या २०२४ च्या अकराव्या हंगामातले सारे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत झाले, म्हणजे मुंबईचे नाव मिरवणाऱ्या संघाने त्या वर्षी मुंबईत एकही सामना खेळला नाही.

युरोपातील फुटबॉलमध्ये क्लब, त्याचे मैदान, त्याचे पाठीराखे आणि त्यातल्या काही खेळाडूंचे बालपण एकाच शहरात नांदते, आणि संघनिष्ठेची जी कल्पना आज भारतीय प्रेक्षक फ्रँचायझीला लावतात ती तिथे वाढलेली आहे. महाराष्ट्रात तिच्या जवळ जाणारे उदाहरण कोल्हापूरच्या फुटबॉलचे आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही तिथल्या संघांची नावेच पेठांशी आणि तालमींशी बांधलेली आहेत, शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ उतरते, आणि हंगामाआधीच्या नोंदणीत एखादा खेळाडू समोरच्या तालमीकडे गेला तर तो राग गल्लीतून फिरताना त्याला जाणवतो. अर्थात त्याच पेठांनी बाहेरगावचे, इतकेच काय परदेशी खेळाडूही पैसे देऊन खेळवले आहेत.

बीड जिल्ह्यातील नामवंत खेळाडूंची वाटचाल पाहिली, तर लीगचे करार येण्याच्या कितीतरी आधीपासून खेळाडू पोटासाठी संघ निवडत आले आहेत, हे दिसते. त्या काळातला करार म्हणजे नोकरी. १९७२ मध्ये बीडमध्ये जन्मलेले अष्टपैलू क्रिकेटपटू संजय बांगर यांनी रणजी क्रिकेट महाराष्ट्राकडून नव्हे, तर रेल्वेकडून खेळले. रेल्वे हा कुठल्या प्रदेशाचा संघ नाही. तो खात्याचा संघ आहे, आणि त्यात येणाऱ्या खेळाडूला मैदानाबरोबर पगारही मिळतो. याच संघाने २००१-०२ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्याच हंगामात बांगर भारताकडून कसोटी खेळले, आणि २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत ढगाळ हवेत सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा भारताच्या विजयाचा पाया मानल्या जातात. बांगर यांनी मराठवाड्याशी किंवा महाराष्ट्राशी प्रतारणा केली, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही.

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण याहून बोलके आहे. शेतमजुरी आणि वीटभट्टीचे काम करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा बारावीनंतर लष्कराच्या ५ महार बटालियनमध्ये दाखल झाला, सियाचीन, राजस्थान आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्याने नोकरी केली, आणि धावण्याकडे तो लष्कराच्या क्रॉसकंट्री स्पर्धांमधून आला. पुढे ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, हा त्याचा प्रकार ठरला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. देशांतर्गत स्पर्धांत हा धावपटू सेनादलाच्या वतीने धावतो. मांडव्याने त्याच्या स्वागताला कमी केले नाही, कारण त्याला धावायला शिकवण्याइतका खर्च, आहार, प्रशिक्षक आणि वेळ देण्याची ऐपत त्या वयात ना गावाची होती ना जिल्ह्याची, हे सर्वांना ठाऊक होते. पाटोदा तालुक्यातील राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले, आणि त्याला राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले. शासनाने २००५ पासून खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले आहे, आणि ग्रामीण भागात आई-वडील मुलाला मैदानावर पाठवतात त्यामागे ही नोकरी अनेकदा पदकाहून मोठी असते.

मुलगा खेळाच्या जोरावर रेल्वेत, पोलिसात किंवा लष्करात लागला, तर गाव पेढे वाटते, आणि त्या नोकरीमुळे तो आता जिल्ह्याकडून किंवा राज्याकडून खेळणार नाही याचा हिशेब कोणी मांडत नाही. तोच मुलगा एका फ्रँचायझीकडून दुसरीकडे पन्नास लाख जादा घेऊन गेला, की लोभाची भाषा सुरू होते. दोन्ही ठिकाणी त्याने केलेली गोष्ट एकच आहे: शरीर चालते आहे तोवर त्याची सर्वांत चांगली किंमत देणाऱ्याकडे जाणे. फरक पडला तो रकमेच्या आकाराने, आणि रकमेचा आकार नैतिकतेचे माप ठरू शकत नाही. महिन्याचा पगार मध्यमवर्गीय मनाला सोज्वळ वाटतो आणि कोटीचा आकडा त्याच मनाला खुपतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता लीगकडे वळताना लिलावाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण खेळाडू संघ ‘निवडतो’ हे गृहीतकच तिथे डळमळते. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोली राकेशकुमारवर १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये सहा खेळाडू एक कोटी किंवा त्याहून अधिक रकमेला गेले, त्यांत मुंबईचा रिशांक देवाडिगा होता. आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने दोन कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. लिलावापूर्वी प्रत्येक संघ काही खेळाडू कायम राखतो आणि उरलेल्यांना मोकळे करतो. मोकळा झालेला खेळाडू मूळ किमतीवर लिलावात येतो, संघ चढ्या बोली लावतात, आणि जुन्या संघाकडे ‘अंतिम बोली जुळवण्याचा’ अधिकार असतो, म्हणजे दुसऱ्याने लावलेली शेवटची रक्कम देण्याची तयारी दाखवून तो आपला खेळाडू परत घेऊ शकतो. या सगळ्या व्यवहारात खेळाडू कुठे बसला आहे हे पाहिले, तर तो बोली लागताना दूरचित्रवाणीसमोर बसलेला असतो. कोणत्या शहरात, कोणत्या प्रशिक्षकाकडे आणि कोणाच्या बाजूला उभे राहून खेळायचे, यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. लिलावात नाव द्यायचे की नाही, एवढेच त्याच्या हाती.

चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईची कथा या पद्धतीचे सगळे चढउतार दाखवते. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले, आणि पहिल्याच हंगामात या धिप्पाड चढाईपटूने दोनशेहून अधिक गुण मिळवून संघाला पुढे नेले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर एक कोटी ४५ लाखांची बोली लावली, जी त्या वर्षीची सर्वोच्च ठरली, आणि मुंबईच्या चाहत्यांना आपला माणूस गेल्याची चुटपुट लागली. २०२१ मध्ये टायटन्सने त्याला एक कोटी ३० लाखांना पुन्हा घेतले, परंतु त्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने तो जेमतेम काही सामने खेळू शकला. २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला घेतले ते २० लाखांना. म्हणजे एका खांद्याच्या दुखण्यात एक कोटी दहा लाख रुपये उडाले. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याच्यावर पुन्हा एक कोटी लावले, हे त्याचे नशीब आणि त्याची मेहनत. पण २०१९ मध्ये मोठी रक्कम सोडून तो यू मुंबाशी भावनेने बांधून राहिला असता, असे क्षणभर धरले, तरी खांदा दुखावल्यावर यू मुंबाने त्याला त्याच भावनेने सांभाळले असते, असे समजायला या लीगच्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही.

उलट पुरावे मात्र भरपूर आहेत. पाटणा पायरेट्सला लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून देणारा आणि लीगमध्ये १,८०० हून अधिक चढाईचे गुण नोंदवणारा प्रदीप नरवाल २०२१ मध्ये मोकळा केला गेला, यूपी योद्धाने त्याला एक कोटी ६५ लाखांना उचलले, आणि चारच वर्षांनी २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही. तो निवृत्त झाला. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पुणेरी पलटणने २०२३ मध्ये दोन कोटी ३५ लाखांना घेतला, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले, आणि पुढच्या लिलावाआधी विजेत्या संघाने त्याला सोडून दिले. ज्या हरियाणाला त्याने अंतिम सामन्यात हरवले होते त्याच संघाने त्याला दोन कोटी सात लाखांना घेतले आणि तोही संघ विजेता झाला. पलटणने असे का केले याला हिशेबी कारण होते: खेळाडूंवर खर्च करायच्या एकूण रकमेवर लीगची मर्यादा असते, आणि एका खेळाडूवर तिचा मोठा वाटा गेला तर बाकीचा संघ दुबळा होतो. कारण पटण्यासारखेच आहे. फक्त संघाचा हिशेब हा व्यवहार आणि खेळाडूचा हिशेब हा विश्वासघात, असे दोन कायदे एकाच मैदानावर चालू शकत नाहीत.

याच पलटणचे दुसरे उदाहरणही न्यायासाठी सांगायला हवे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार या संघात तरुण, फारसे नाव नसलेला खेळाडू म्हणून आला, संघाने त्याला दुखापतीच्या काळातही सांभाळले, कर्णधार केले, आणि विजेतेपदाचा करंडक त्याने उचलला. तो टिकला, कारण संघ त्याच्यासोबत टिकला.

आयपीएलमध्ये हेच चित्र अधिक झगझगीत रंगांत दिसते. मुंबईकर श्रेयस अय्यरने कोलकाता नाइट रायडर्सला २०२४ चे विजेतेपद मिळवून दिले आणि त्यानंतर तो कायम राखलेल्या खेळाडूंच्या यादीत नव्हता. पंजाब किंग्जने त्याच्यावर २६ कोटी ७५ लाखांची बोली लावली आणि पुढच्याच वर्षी तो त्या संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला. हार्दिक पांड्याला मुंबई इंडियन्सने २०२२ च्या हंगामाआधी राखले नव्हते. गुजरात टायटन्सने त्याला कर्णधार केले, पहिल्याच वर्षी तो संघ जिंकला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला परत आणले आणि नंतर रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले. २०२४ मध्ये अहमदाबादेत तो गेल्याबद्दल आणि वानखेडेवर तो आल्याबद्दल प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याला विकणारी आणि विकत घेणारी मंडळी वातानुकूलित कक्षांत बसली होती. रवींद्र जडेजाचा अनुभव तर कायद्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावा असा आहे: राजस्थान रॉयल्ससोबत नवा करार न करता दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल त्याला २०१० च्या संपूर्ण हंगामासाठी बंदी झाली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नई व राजस्थान या दोन फ्रँचायझींनी आपसांत केलेल्या अदलाबदलीत तो पुन्हा राजस्थानकडे गेला, तेव्हा त्याची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. खेळाडूने केलेली बोलणी गुन्हा ठरली होती; मालकांनी केलेली बोलणी बातमी ठरली.

खेळाडूला असे बांधून ठेवण्याची प्रथा भारतातच निपजलेली नाही. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या आठवड्याच्या पगारावर २० पौंडांची कमाल मर्यादा होती, आणि करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी स्वतःकडे ठेवून त्याला दुसरीकडे खेळू देत नसे. न्यूकॅसल क्लबाविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने दावा लावला आणि १९६३ मध्ये न्यायालयाने ही अडवणूक बेकायदा ठरवली. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबाने जुन्या क्लबाला पैसे मोजायचे, ही पद्धत युरोपभर चालूच राहिली, आणि बेल्जियमच्या झाँ-मार्क बोसमान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी तीही मोडून काढली. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील देशांत विनामोबदला जाऊ शकतो, हा नियम तेव्हापासूनचा. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला या खटल्यांचे मर्म समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला कारखान्याच्या भाषेत एक ‘कोयता’ म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते, आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. मजुराने मुकादमाशी इमान राखावे, हा उपदेश त्या व्यवस्थेतही ऐकू येतो आणि तोही बहुधा पैसे देणाऱ्याच्या बाजूने केलेला असतो. कोट्यधीश खेळाडू आणि ऊसतोड कामगार यांची दुःखे अर्थातच एका पारड्यात घालता येत नाहीत. मात्र ज्याला जाण्याची मोकळीक नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही, हे दोघांनाही लागू आहे.

मोकळीक असताना दाखवलेली निष्ठा कशी असते, याचा नमुना विदर्भात सापडतो. मुंबईकडून दोन दशके खेळलेले वसीम जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे गेले. राज्य संघटना बाहेरच्या राज्यातील मोजके खेळाडू मानधनावर खेळवू शकते, आणि त्यांना ‘व्यावसायिक’ किंवा ‘पाहुणे’ खेळाडू म्हटले जाते. २०१६-१७ मध्ये दुखापतीमुळे जाफर यांना खेळता आले नाही, तरी विदर्भ क्रिकेट संघटनेने ठरलेले पैसे दिले. त्याची जाण ठेवून पुढच्या हंगामात त्यांनी मानधन न घेता खेळण्याची तयारी दाखवली, आणि नेमक्या त्याच २०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला. २०१८-१९ मध्ये संघाने तो राखला, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या जाफर यांनी हजारावर धावा केल्या होत्या. मुंबई सोडणे ही जर बेइमानी असेल, तर विदर्भासाठी फुकट खेळणे ही काय होती? एकाच माणसाने चार वर्षांच्या आत दोन्ही केले, आणि दोन्हींमध्ये विसंगती नाही. पहिल्या वेळी त्याने बाजारातला आपला हक्क वापरला आणि दुसऱ्या वेळी संघटनेने आधी दाखवलेल्या सौजन्याला प्रतिसाद दिला.

राज्याभिमानाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला २०२५ चा रणजी अंतिम सामना अधिकच गोंधळात टाकील. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भ आणि केरळ समोरासमोर होते. विदर्भाला २०१८-१९ चे विजेतेपद मिळवून देताना अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा नागपूरचा फिरकीपटू आदित्य सरवटे त्या दिवशी केरळकडून खेळत होता, आणि पहिल्या डावात त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा करणारा करुण नायर मूळचा कर्नाटकचा होता, ज्याला त्याच्या राज्याने वगळल्यावर विदर्भाने जागा दिली होती. सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने करंडक जिंकला. यशस्वी जयस्वालने त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोव्याकडे जाण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना-हरकत पत्र मागितले आणि मे महिन्यात ती मागणी मागे घेतली. या जाण्या-न जाण्यावर जेवढी टीका झाली, तेवढी उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातून तो मुळात मुंबईला आला त्या स्थलांतरावर झाली नव्हती. मुंबईकडे येणारा गुणी असतो, मुंबईकडून जाणारा कृतघ्न ठरतो, ही मुंबईची जुनी सवय आहे.

तरीही खेळाडूवर कोणाचेच ऋण नसते, असे नाही. हे ऋण कसे असते आणि कसे फिटते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत स्वच्छ उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, आणि परतल्यावर कुस्त्यांचा फड लावून, त्याच्या उत्पन्नातून ते पैसे फेडले. इथे देणारा कोण, घेणारा कोण आणि किती द्यायचे, हे सगळे स्पष्ट होते. कुस्तीत वस्तादाविषयीची भावना अशीच टिकली आहे. राहुल आवारेने राष्ट्रकुल सुवर्णपदक दिवंगत वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केले, तेव्हा त्याने लीग, खाते किंवा प्रायोजक यांच्या कितीतरी आधीच्या धनकोची आठवण केली.

कबड्डीत या धनकोची जागा मंडळाकडे असते. मातीचे मैदान चोपून सारखे करणारे, सायंकाळी मुलांना एकत्र करणारे, तालुक्याच्या स्पर्धेला जाण्यासाठी गाडीभाडे वर्गणीतून जमवणारे, आणि पाय मुरगळला की मुलाला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेणारे मंडळ. लीगच्या कोणत्याही लिलावात या मंडळाच्या खात्यावर एक रुपयाही जमा होत नाही. फुटबॉलमध्ये मात्र जागतिक महासंघ फिफाने यासाठी ‘एकजूट निधी’ नावाची तरतूद केली आहे: करार चालू असताना खेळाडू देशाबाहेरच्या क्लबाकडे विकला गेला, की व्यवहाराच्या रकमेतील पाच टक्के हिस्सा त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांना, त्यांनी दिलेल्या वर्षांच्या प्रमाणात वाटला जातो. आयपीएलमध्येही परदेशी खेळाडूच्या मायदेशातील क्रिकेट मंडळाला त्याच्या रकमेच्या ठराविक टक्के पैसे मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या श्रीमंत क्रिकेट मंडळाला जे मिळते, ते गावच्या कबड्डी मंडळाला का मिळू नये, याचे उत्तर इतकेच आहे की ते मंडळ मागायला आलेले नाही.

मुलींच्या बाबतीत करार की निष्ठा हा मूळ प्रश्नच वेगळ्या टोकाला आहे. महिला क्रिकेटमध्ये २०२३ पासून लिलाव सुरू झाला आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर तीन कोटी ४० लाखांची बोली लागली. कबड्डीत मात्र २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि पुरुषांच्या लीगसारखी वर्षानुवर्षे चालणारी लीग उभी राहिली नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कबड्डीपटू मुलीपुढे करार की निष्ठा हा पेच अजून आलेलाच नाही. तिच्यापुढे रेल्वेसारखी सरकारी नोकरी आहे किंवा काहीच नाही.

घडवणाऱ्या मंडळाला हिस्सा देण्याच्या कल्पनेवर व्यवहारी आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप असा, की खेळाडू चार मंडळे बदललेला असतो, मग हिस्सा कोणाला द्यायचा; परंतु जिल्हा कबड्डी संघटनांकडे मंडळांची आणि त्यांच्या खेळाडूंची नोंदणी होतच असते, आणि फुटबॉलप्रमाणे वर्षांच्या प्रमाणात वाटणी करणे अवघड नाही. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे: हा पैसा खेळाडूच्या रकमेतून कापला, तर फ्रँचायझी आपले देणे पुन्हा त्याच्याच माथी मारील. फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्या क्लबाला पैसे देतो, त्यामुळे कापायला ती वेगळी रक्कम असते. कबड्डीच्या लिलावात जुन्या संघाला काहीच मिळत नाही, बोलीचा सगळा पैसा खेळाडूचा असतो. तेव्हा हा हिस्सा बोलीच्या रकमेवर मोजावा, पण फ्रँचायझीने तो खेळाडूच्या मानधनाव्यतिरिक्त आणि संघाच्या खर्चमर्यादेबाहेर भरावा, ही एकच रीत न्याय्य ठरते. सिद्धार्थ देसाईच्या २०१९ च्या बोलीवर पाच टक्क्यांनी तो सात लाख २५ हजार रुपये झाला असता. लीग मॅटवर खेळली जाते, गावोगावची मुले मातीवर सराव करतात आणि पहिल्यांदा मॅटवर उतरताना गुडघे सोलून घेतात. सात लाखांत एखाद्या मंडळाचा मॅटचा बराचसा खर्च भागतो, आणि त्यासाठी सिद्धार्थला यू मुंबाकडे राहावे लागले नसते किंवा टायटन्सकडून एक रुपयाही कमी घ्यावा लागला नसता.